नागपूरहून लुंबिनी आणि काठमांडू: भारत–नेपाळ सीमा कोठून आणि कशी ओलांडावी?

मानेवाडा_रहिवासी

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या हिवाळ्यात आई-वडील आणि मुलगा यांना घेऊन नागपूरहून आमच्या मोटारीने लुंबिनीला जाण्याचा आणि सर्वांची प्रकृती ठीक राहिली तर तेथून पुढे काठमांडूपर्यंत जाण्याचा आमचा विचार आहे. आई दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाते. सारनाथ, बोधगया आणि कुशीनगर तिचे पाहून झाले आहे. परंतु लुंबिनी परदेशात आहे, कागदपत्रे लागतील, सीमेवर अडवतील, असे कोणी ना कोणी सांगत गेल्यामुळे तेवढे एक स्थान राहून गेले. आता तिने सत्तरी ओलांडली आहे आणि हा प्रवास आणखी लांबणीवर टाकण्याची माझी इच्छा नाही.

नकाशा घेऊन बसले, तर उत्तर प्रदेश आणि बिहारच्या वरच्या कडेने इतके लहानमोठे रस्ते नेपाळात शिरताना दिसतात की त्यांपैकी अधिकृत नाके कोणते आणि गावकऱ्यांच्या रोजच्या वाटा कोणत्या, हेच कळेना. सोनौलीचे नाव सर्वजण घेतात. पण लुंबिनीच्या अगदी खाली ककरहवा नावाचे ठिकाण दिसते आणि ते सोनौलीहूनही जवळ वाटते. काठमांडूला जायचे तर रक्सौलवरून जा, असेही एका परिचितांनी सांगितले.

आम्ही कोणत्या नाक्याने जावे? सीमा खुली आहे म्हणतात, तर मग मोटारीसाठी परवाना कशाला लागतो? आई-वडिलांकडे पारपत्र नाही, आधार आणि मतदार ओळखपत्र आहे. तेवढे पुरेल का? आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाचा एक प्रश्न: दोन देशांमधली रेषा कोठे नदीतून जाते, कोठे सरळ शेतांतून जाते आणि तिच्यावर कुंपण का नाही? याचे उत्तर मला नीट देता आले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

जुना_भूगोलशिक्षक

ताई, आपल्या चिरंजीवांचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो समजला की नाके जेथे आहेत तेथेच का आहेत, हेही आपोआप उलगडते.

भारत आणि नेपाळ यांच्यामधली सीमा सुमारे १,७५१ किलोमीटर लांब आहे आणि ती उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम या पाच राज्यांना लागून जाते. तिचा आजचा आराखडा मुख्यतः सुगौलीच्या तहाने ठरला. ईस्ट इंडिया कंपनी आणि गोरखा राज्य यांच्या युद्धानंतर डिसेंबर १८१५ मध्ये त्यावर सह्या झाल्या आणि मार्च १८१६ मध्ये तो कायम झाला. पश्चिमेला काली, म्हणजे खाली जिला महाकाली आणि आपल्याकडे शारदा म्हणतात ती नदी, आणि पूर्वेला मेची नदी, असे दोन काठ त्या तहाने पक्के केले. मेचीच्या उत्तरेला ही रेषा सिंगालीला डोंगरधारेवर चढते. संदकफू याच धारेवर आहे आणि पुढे कांचनगंगाही याच सीमेवर येते. या दोन टोकांच्या मध्ये मात्र तराईचे सपाट मैदान पसरले आहे. तेथे रेषा ठरवायला ना मोठा डोंगर ना सोयीची नदी, त्यामुळे शेकडो किलोमीटर ती शेतांमधून, आमरायांमधून आणि वस्त्यांच्या कडेने केवळ खांबांच्या आधाराने जाते. (दांग आणि श्रावस्ती यांच्या दरम्यान ती काही अंतर शिवालिकाच्या टेकड्यांवरून जाते, तो अपवाद.) नेपाळ सरकारने १८५७ च्या उठावात इंग्रजांना मदत केली म्हणून बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा पश्चिम तराईचा मुलूख १८६० मध्ये नेपाळला परत मिळाला. म्हणजे ही रेषा एका फटक्यात आखली गेलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी बनत गेली आहे.

खांब कसे असतात, तेही सांगतो, कारण नाक्याच्या गर्दीत ते दिसत नाहीत. नाका सोडून शेताच्या बाजूला पाहिले की चुन्याने रंगवलेला, क्रमांक टाकलेला सिमेंटचा किंवा दगडी खांब उभा दिसतो. मोठ्या जुन्या खांबांना नेपाळी माणसे जंगे पिलर म्हणतात. खांबांच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्ड जागा मोकळी ठेवायची असते; तिला दशगजा म्हणतात. कागदावर ही जागा कोणाचीच नाही आणि तिच्यात पेरणी किंवा बांधकाम करण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात कोठे तेथे गुरे बांधलेली असतात, कोठे गोवऱ्या वाळत घातलेल्या असतात, कोठे धान्याची मळणी चाललेली असते, आणि काही बाजारपेठांत तर दुकानांच्या पायऱ्याच तिच्यावर आलेल्या आहेत. २००१ पासून आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बल पहारा देते आणि पलीकडे नेपाळचे सशस्त्र प्रहरी बल असते.

नदी सीमा म्हणून सोयीची वाटते, पण तराईत ती तशी राहत नाही. हिमालयातून गाळ घेऊन येणाऱ्या नद्या मैदानात उतरल्या की पात्र बदलतात. गंडक, म्हणजे नेपाळची नारायणी, हळूहळू पश्चिमेकडे सरकली आणि पूर्वी तिच्या पश्चिम काठावर असलेले सुस्ता हे गाव पूर्व काठावर आले. त्या जमिनीचा वाद आजही मिटलेला नाही. त्याच्या उलट उदाहरण महाकालीवर दिसते. नदी म्हणजे सीमा, असे आपण धरून चाललो, तर तेथील दोधारा आणि चांदनी ही गावे नदीच्या पश्चिमेला असूनही नेपाळची आहेत, याचा उलगडा होत नाही. तेथील लोकांना आपल्याच देशाच्या मुख्य भूमीवर जाण्यासाठी जवळजवळ दीड किलोमीटर लांबीच्या झुलत्या पुलांच्या साखळीवरून नदी ओलांडावी लागत आली आहे.

आता नाक्यांविषयी. नकाशावर एक गोष्ट मुलाला शोधायला सांगा: नौतनवा, रक्सौल, जयनगर, जोगबनी आणि नेपालगंज रोड ही रेल्वे स्थानके. इंग्रजांच्या काळात रेल्वेमार्ग गंगेच्या मैदानातून उत्तरेकडे नेले गेले आणि सीमेला टेकून थांबले. जेथे रूळ संपले तेथे माल उतरू लागला, आणि त्या टोकांसमोर पलीकडच्या भैरहवा, वीरगंज, विराटनगर, नेपालगंज या बाजारपेठा भरभराटीला आल्या. नेपाळचा पूर्व-पश्चिम महामार्ग, जो सुमारे १,०२८ किलोमीटरचा आहे, तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. तोपर्यंत विराटनगरच्या माणसाला नेपालगंजला जायचे असले तर भारतात उतरून, आगगाडीने पश्चिमेकडे जाऊन पुन्हा नेपाळात चढावे लागे. काठमांडूला जाणारा मोटाररस्तादेखील १९५० च्या दशकात भारताच्या साहाय्याने बांधला गेला; त्यालाच त्रिभुवन राजपथ म्हणतात. या सीमेवर कुंपण का नाही, याचे पहिले उत्तर मला या भूगोलात दिसते: देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याचा नेपाळी माणसाचा रस्ताच अनेक दशके पलीकडून जात होता, आणि कुटुंबे, सोयरिकी, शेते आणि बाजार दोन्हीकडे पसरलेले होते. ३१ जुलै १९५० च्या शांतता आणि मैत्री कराराने त्या वहिवाटीला कायद्याचे रूप दिले. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहणे, मालमत्ता बाळगणे, व्यापार करणे आणि ये-जा करणे यांबाबत परस्परांना समान सवलती देण्याचे ठरले.

या सवलती माणसांना आहेत. वाहन आणि माल यांना त्या नाहीत, आणि आपल्या सर्व प्रश्नांची उत्तरे याच फरकातून निघतात. आपण पायी चालत पलीकडे गेलात तर बहुधा कोणी थांबवणारही नाही. आपली मोटार मात्र नेपाळच्या दृष्टीने तात्पुरती आयात झालेली वस्तू असते आणि म्हणून तिला सीमाशुल्क कार्यालयाच्या, म्हणजे तेथे ज्याला भन्सार म्हणतात त्याच्या, दारातून जावे लागते. ज्या नाक्यावर भन्सारची पूर्ण सोय आहे तोच आपला नाका. या कसोटीवर ककरहवा आपोआप मागे पडतो. तो लुंबिनीला खरोखर जवळ आहे आणि आसपासचे भारतीय व नेपाळी लोक तेथून रोज ये-जा करतात, परंतु नागपूरची मोटार घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाने सोनौली धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक नागपूरकर म्हणून एवढे सांगावेसे वाटते की आपला जबलपूरकडे जाणारा रस्ता हा जुन्या राष्ट्रीय महामार्ग ७ चा भाग आहे आणि तो महामार्ग वाराणसीपासून कन्याकुमारीपर्यंत होता. सिवनी, जबलपूर, कटनी, रीवा करीत आपण वाराणसीला पोहोचलात की सारनाथ तेथेच आहे. पुढे गोरखपूर, तेथून फरेंदा आणि नौतनवा करीत सोनौली. सगळे मिळून अंतर हजार किलोमीटरच्या वर जाते. आई-वडील सोबत असताना वाटेत किमान दोन मुक्काम धरा.

इंदोरा_ते_लुंबिनी

ताई, जय भीम. सरांनी सगळे मुळापासून सांगितले आहे. मी अनेक वर्षे उत्तर नागपुरातून उपासकांच्या बसगाड्या घेऊन बौद्ध स्थळांच्या यात्रा करतो, म्हणून सोनौलीवर प्रत्यक्ष काय घडते तेवढे लिहितो.

गोरखपूरहून नौतनवा ओलांडले की मालमोटारींची रांग सुरू होते. ती पाहून घाबरू नका. ती मालाची रांग असते, प्रवासी मोटारी तिच्या उजवीकडून पुढे काढतात, आणि तेथे पोलीस सांगतील तसे चालवा. सोनौलीचा बाजार अरुंद आहे. दोन्ही बाजूंना पैसे बदलून देणारी दुकाने, उपाहारगृहे, सायकलरिक्षा, डोक्यावर बोचकी घेऊन पायी जाणारी माणसे, आणि यांच्यामधून रस्ता सरळ आपल्या कमानीकडे जातो. आपल्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान मोटार थांबवून ओळखपत्र पाहतात, डिकी उघडायला सांगतात. पलीकडचे गाव बेलहिया. कमान ओलांडल्यावर लगेच मोटार बाजूला लावा आणि भन्सार कार्यालयात चालक स्वतः जा. वाहनाची नोंदणी पुस्तिका, चालक परवाना, विमा आणि ओळखपत्र मूळ स्वरूपात आणि प्रतींसह बरोबर ठेवा. मोटार यजमानांच्या नावावर असेल आणि ते सोबत नसतील, तर त्यांचे सहीचे संमतिपत्र लागेल. जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यायचा; मग वाहतुकीचा परवाना निराळा घ्यावा लागतो, ती खिडकी जवळच असते. एका वर्षात भारतीय मोटार एकूण ३० दिवसांपेक्षा अधिक काळ नेपाळात ठेवता येत नाही. परवान्याचे दिवस मोजताना एक दिवस हातचा धरा, कारण मुदत संपल्यावर दंड आकारला जातो आणि घाट बंद पडला ही सबब तेथे ऐकली जाईलच असे नाही.

नाक्यावर पाऊल ठेवताच दोन-चार तरुण पुढे येतात आणि “भन्सार करून देतो” म्हणतात. काही जण खरोखर मदत करतात, परंतु पैसे त्यांच्या हातात देऊ नका. खिडकीवर स्वतः भरा, पावती घ्या आणि पावतीवरचा मोटार क्रमांक अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या एका गाडीच्या पावतीवर क्रमांकातला एक आकडा चुकीचा पडला होता आणि पुढच्या तपासणी नाक्यावर सर्व म्हातारी माणसे गाडीत बसून राहिली, तेव्हापासून मी पावती उजेडात नेऊन वाचल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देत नाही.

ओळखपत्राविषयी: रस्त्याने जाताना आई-वडिलांचे मतदार ओळखपत्र पुरेसे आहे, तेच पुढे ठेवा. पारपत्राची सक्ती नाही आणि व्हिसा तर भारतीयांना लागतच नाही. आधारविषयी लोकांचा फार गोंधळ होतो. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी ते प्रवासाचे ओळखपत्र म्हणून मान्य आहे. मधल्या वयाच्या माणसांनी त्याच्यावर विसंबू नये. विमानाने जाणार असाल तर हा नियम फार काटेकोरपणे पाळला जातो आणि त्या वयाच्या प्रवाशाला पारपत्र किंवा मतदार ओळखपत्रच दाखवावे लागते. मुलाचे वय पंधराच्या वर असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळख प्रमाणपत्र सोबत असू द्या.

भैरहवापासून लुंबिनी सुमारे २२ किलोमीटर आहे. मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ आणि पुष्करिणी एकाच आवारात आहेत. त्यांच्या उत्तरेला देशोदेशींच्या विहारांचा मोठा परिसर पसरला आहे आणि आत चालणे पुष्कळ असते, तेव्हा आईंसाठी आवारातली रिक्षा करा. स्तंभावरचा ब्राह्मी लेख १८९६ मध्ये उजेडात आला आणि त्यामुळे जन्मस्थानाविषयीची शंका मिटली. आईंना हेही सांगा की नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्यामुळे प्रकृती ठीक असेल तर काठमांडू सोडू नका, असा माझा मनापासून आग्रह आहे.

परत येताना वेळ असल्यास कपिलवस्तूचे दोन्ही दावेदार पाहता येतात: नेपाळच्या बाजूला तिलौराकोट आणि भारताच्या बाजूला, सीमेच्या अगदी जवळ, पिपरहवा. विद्वानांचा वाद त्यांच्यापाशी राहू द्या. आपण दोन्ही ठिकाणी वंदन करावे.

कळमना_मालवाहतूक

रक्सौलविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या मालमोटारी त्या बाजूला जातात. रक्सौल–वीरगंज हे या सीमेवरचे सर्वांत मोठे मालाचे दार आहे. कोलकाता आणि हल्दिया बंदरांत उतरलेला नेपाळचा माल रेल्वेने याच बाजूने वीरगंजजवळच्या सिर्सिया येथील सुक्या बंदरात, म्हणजे समुद्रापासून दूर असलेल्या माल उतरवण्याच्या केंद्रात, जातो. मोतिहारीहून अमलेखगंजला जाणारी ६९ किलोमीटरची तेलवाहिनीही सप्टेंबर २०१९ पासून याच पट्ट्यातून चालू आहे. त्याआधी नेपाळचे सगळे पेट्रोल-डिझेल टँकरने जात असे. मालासाठी गावाबाहेर एकात्मिक तपासणी नाका झाल्यापासून जुन्या मैत्री पुलावरचा ताण काही प्रमाणात हलका झाला आहे. जोगबनी आणि रुपईडीहा येथेही असे नाके झाले आहेत.

परंतु नागपूरहून लुंबिनी करायची असेल तर रक्सौल हा उलटा वळसा आहे. पाटणा, वैशाली किंवा केसरिया करून येणाऱ्यांना तो योग्य. आपण गोरखपूरवरून येणार आहात, तेव्हा सोनौलीच. उत्तराखंडातून येणाऱ्यांसाठी बनबसा आणि सिलिगुडीकडून येणाऱ्यांसाठी पानीटंकी–काकडभिट्टा, असे साधारण गणित आहे. बनबसाला शारदा बंधाऱ्यावरचा जुना अरुंद पूल आहे आणि त्याच्यावर चारचाकी वाहने ठरावीक वेळांतच सोडतात, हे लक्षात ठेवावे. लखीमपूर खिरीकडून गौरीफंटा–धनगढी हाही एक रस्ता आहे, पण तो दुधवाच्या जंगलातून जातो. पेंचमधून जाताना आपण जशी वेगाची काळजी घेतो तशीच तेथे घ्यावी आणि अंधारात तिकडे जाऊच नये.

मानेवाडा_रहिवासी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सोनौली नक्की झाले. मुलाने नकाशावर रेल्वेची टोके शोधून काढली आणि जयनगरहून पुढे नेपाळात रूळ जाताना दिसतात, असे तो म्हणतो. ते खरे आहे का? आणखी दोन शंका आहेत. सोनौलीहून काठमांडूचा रस्ता वृद्ध माणसांना झेपण्याजोगा आहे का? आणि सीमा अचानक बंद होते असे ऐकले, तसे कधी घडते?

जुना_भूगोलशिक्षक

चिरंजीवांचे निरीक्षण अचूक आहे, त्याचे कौतुक करावे. जयनगरहून जनकपूरला पूर्वी अरुंद मार्गाची गाडी होती; ती बंद पडल्यावर रुंद मार्ग टाकण्यात आला आणि एप्रिल २०२२ पासून जयनगर ते कुर्था अशी गाडी सुरू झाली. रक्सौलहून अमलेखगंजलाही १९२७ मध्ये अरुंद रूळ टाकले गेले होते, ते पुढे निकामी झाले.

सीमा बंद होण्याचे एक कारण नियमित आणि आधी कळणारे आहे: कोणत्याही बाजूला निवडणूक असेल तर मतदानाच्या आधीचे दोन-तीन दिवस सीमा बंद ठेवतात. आपल्या प्रवासाच्या तारखा ठरवताना नेपाळच्या निवडणुका आणि उत्तर प्रदेशातील निवडणुका, दोन्ही तपासा. बाकीची कारणे राजकीय किंवा आपत्कालीन असतात. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळचे नवे संविधान लागू झाल्यावर तराईतल्या मधेशी पक्षांचे आंदोलन पेटले आणि विशेषतः वीरगंजच्या बाजूची वाहतूक महिनोन्महिने थांबली. काठमांडूत स्वयंपाकाचा गॅस आणि औषधे यांची तीव्र टंचाई झाली. त्यामागे भारताची नाकेबंदी होती, असे नेपाळने म्हटले आणि भारताने ते नाकारले. महासाथीच्या काळात मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाली, तेव्हा ज्यांचे माहेर एका बाजूला आणि सासर दुसऱ्या बाजूला आहे अशा असंख्य बायकांचे जे हाल झाले, ते फारसे कोणी लिहून ठेवले नाहीत, याची मला खंत वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचे आंदोलन उसळले, तेव्हाही काही दिवस नाक्यांवर कडक बंदोबस्त होता.

कालापानी आणि लिपुलेखचा वाद आपल्या वाटेवर येत नाही, तो अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे. सुगौलीच्या तहाने काली नदी सीमा ठरली, पण तिचा उगम कोणता मानायचा, यावर मतभेद आहेत. नेपाळ लिंपियाधुराकडून येणारा प्रवाह मुख्य मानतो, तर भारत कालापानीजवळचे झरे उगम मानतो. मे २०२० मध्ये नेपाळने तो भाग आपल्यात दाखवणारा नकाशा प्रसिद्ध केला. लिपुलेख ही कैलास-मानसरोवरला जाण्याची जुनी खिंड आहे. त्या भागात धारचुला आणि नेपाळचे दार्चुला यांना जोडणारा झुलता पूल आहे आणि तो दिवसाच्या ठरावीक वेळेतच उघडा असतो. काठावरच्या माणसांचे बाजारहाट आणि शाळा त्या वेळेवर चालतात.

इंदोरा_ते_लुंबिनी

काठमांडूच्या रस्त्याचे मी सांगतो. बेलहिया ते काठमांडू सुमारे २८० किलोमीटर आहे, पण नागपूर–जबलपूरच्या हिशेबाने वेळ धरू नका. बुटवल ते नारायणगढ हा ११३ किलोमीटरचा टप्पा रुंदीकरणामुळे बराच काळ उखडलेला आहे आणि त्यात धूळ फार असते, तेव्हा आई-वडिलांसाठी मुखपट्ट्या ठेवा. नारायणगढ ते मुग्लिंग हा ३६ किलोमीटरचा भाग त्रिशूली आणि नारायणीच्या काठाने, तुटक्या कड्यांच्या खालून जातो. जुलै २०२४ मध्ये सिमलताल येथे दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत वाहून गेल्या आणि बहुतेक प्रवासी परत मिळाले नाहीत, म्हणून पावसाळ्यात मी यात्रा पुढे नेतच नाही, लुंबिनीहूनच मागे फिरतो. हिवाळ्यात दरडींची भीती कमी असते. लुंबिनीत दोन रात्री, चितवनजवळ सौराहा येथे एक रात्र आणि मग सकाळी लवकर निघून काठमांडू, असे केले तर वृद्धांना त्रास होत नाही. पोखरा करायचे असल्यास बुटवलहून पाल्पामार्गे जाणारा सिद्धार्थ राजमार्ग आहे. तो फार देखणा आहे, परंतु त्यावर वळणे इतकी आहेत की ज्यांना गाडी लागते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

हिवाळ्यातली खरी अडचण धुके आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीभर गोरखपूरपासून बुटवलपर्यंतचा तराई पट्टा दाट धुक्यात असतो. सकाळी दहापर्यंत समोरचे वाहन दिसत नाही आणि दुपारीही ऊन पडत नाही. नागपूरची थंडी सोसणाऱ्यांना ती ओली थंडी बाधते. शक्य असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध निवडा.

मोटारीने एवढे अंतर जड वाटत असेल, तर दुसराही पर्याय आहे. राप्तीसागर एक्सप्रेस नागपूरवरून गोरखपूरला जाते. तेथून भाड्याच्या मोटारीने सोनौलीपर्यंत जा, सीमा पायी ओलांडा आणि बेलहियातून नेपाळी मोटार करा. मग भन्सारचा प्रश्नच उरत नाही, आणि रस्ता माहीत असलेला चालक मिळतो. खरे सांगायचे तर सत्तरीच्या माणसांसाठी मी हाच मार्ग पसंत करतो.

कळमना_मालवाहतूक

मोटारीनेच जायचे ठरले तर विम्याकडे लक्ष द्या, कारण हे नाक्यावर कोणी सांगत नाही. आपल्या वाहन विम्याचे संरक्षण सामान्यतः भारताच्या हद्दीपुरते असते. नेपाळसाठी ज्यादा हप्ता भरून भौगोलिक विस्तार करून घेता येतो. निघण्यापूर्वी विमा प्रतिनिधीकडून तशी लेखी नोंद घ्या. पलीकडे अपघात झाल्यावर त्याची किंमत कळते.

पैशांचे असे की शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे आणि तराईत शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा सर्रास घेतात. दुकानदार “आयसी की एनसी” असे विचारतो, म्हणजे भाव भारतीय चलनात सांगू की नेपाळी. मोठ्या नोटांचे नियम अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त ठेवू नका आणि शंभराच्या नोटा गोरखपूरलाच करून घ्या. बऱ्याच दुकानांत आपले यूपीआयही चालते, पण आपले सिमकार्ड तेथे आपोआप चालत नाही. भैरहवात ओळखपत्र दाखवून नेपाळी सिम घ्यावे. नवी, वेष्टनातली वस्तू भेट म्हणून नेत असाल तर तिच्यावर जकात मागितली जाऊ शकते, म्हणून साड्या किंवा भांडी बिलासह ठेवा.

इंदोरा_ते_लुंबिनी

आणखी एक. नेपाळची घड्याळे आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असतात आणि तेथे साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. मोटारीचा परवाना काढायचा असल्याने शनिवारी नाक्यावर पोहोचणे टाळा आणि शक्यतो सकाळीच पोहोचा, म्हणजे कागद करूनही दुपारी लुंबिनीत असाल. आपल्या तारखा ठरल्या की येथे कळवा. त्याच सुमारास आमची बस जाणार असेल, तर नाक्यावर आमचा माणूस आपल्याबरोबर खिडकीपर्यंत येईल.

मानेवाडा_रहिवासी

दादा, आईला वाचून दाखवले. आगगाडीने गोरखपूर आणि पुढे पायी सीमा, हे तिने स्वतःच ठरवून टाकले आहे. आम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याची आरक्षणे पाहतो आहोत. तारीख नक्की होताच येथे लिहिते.